शाबासकी द्यायची की मेमो?

प्रश्न असा आला आहे, थोडक्यात देतो:

"पुण्यात नदीकाठच्या भागात आमचं ऐंशी खाटांचं रुग्णालय आहे, मी प्रशासन बघतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तळमजल्यावर पाणी शिरलं. आमच्याकडे १४० पानांचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आहे, पण त्या रात्री तो कुणी उघडला नाही. रात्रपाळीच्या सिस्टरनी कुणालाही न विचारता भांडाराचं कुलूप तोडलं, ऑक्सिजनचे सिलिंडर वर नेले, खालच्या वॉर्डातले अकरा रुग्ण पहिल्या मजल्यावर हलवले आणि शेजारचं मंगल कार्यालय उघडायला लावून नातेवाइकांना तिथं बसवलं. सगळे सुखरूप राहिले. त्याच रात्री आमच्या इलेक्ट्रिशियननं कुठूनसा जनरेटर आणला आणि मेन स्विच न पाडता थेट बोर्डाला जोडला. बाहेर डीपीवर काम करत असलेला वायरमन थोडक्यात वाचला. दोघांनीही आपल्याच डोक्यानं केलं. व्यवस्थापन म्हणतं, सिस्टरचा सत्कार करा, त्याला मेमो द्या आणि आराखडा आणखी सविस्तर करा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही."

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. नायब तहसीलदार म्हणून महसुलात लागलो आणि निवृत्त होईपर्यंत पूर, दरडी, दुष्काळ, एक मोठा भूकंप यांत फिरलो. आता कोथरूडला असतो. रुग्णालय चालवण्याचा मला काडीचाही अनुभव नाही, म्हणून कोणता रुग्ण हलवावा, कोणता नाही, यावर बोलणार नाही. माणसं आणि हुकूम यांच्याबद्दलच बोलतो.

तुम्हाला न पटणारी गोष्ट माझ्या मते ही आहे: तुमचं व्यवस्थापन निकाल बघून न्याय करतंय. त्या रात्री डीपीवर वायरमन नसता तर 'अंधारात रुग्णालय उजळवणारा' म्हणून त्याच इलेक्ट्रिशियनला शाल-श्रीफळ मिळालं असतं. आणि जिन्यात एखाद्या रुग्णाचं काही बरंवाईट झालं असतं तर सिस्टरची चौकशी लागली असती, कुलूप तोडल्याबद्दल तर नक्कीच. निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो. त्यावरून बक्षीस-शिक्षा ठरवलीत तर बाकीचे सगळे कर्मचारी एकच धडा घेतील: पुढच्या वेळी साहेबांचा फोन लागेपर्यंत हात लावायचा नाही.

मराठीत याला आपण सरसकट 'जुगाड' म्हणायला लागलो आहोत. मला तो शब्द इथं आवडत नाही. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. एक 'वेळ मारून नेणं', दुसरा 'प्रसंगावधान'. दुसऱ्यात 'अवधान' आहे, म्हणजे लक्ष. सिस्टरचं लक्ष पाणी किती चढतंय, कोण चालू शकतं, नातेवाईक जिन्यात गर्दी करतायत का, अशा चारी बाजूंना होतं. इलेक्ट्रिशियनचं लक्ष फक्त दिवे लागण्याकडे होतं. आपण बोर्डात सोडलेली वीज उलट्या वाटेनं लाइनवर जाईल आणि त्या लाइनवर कुणाचा तरी हात असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. मेन पाडून किंवा चेंजओव्हर स्विचमधून (एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच जोडणारा स्विच) जनरेटर जोडायचा असतो, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्या क्षणी सुचलं नाही. का सुचलं नाही, तिथं तुम्ही शोध घ्यायला हवा. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

आधी 'नियम मोडून बरोबर करणारे' कोण असतात ते बघू. भोपाळच्या विषारी वायुगळतीच्या रात्री, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या, गुलाम दस्तगीर नावाचे उप-स्टेशन अधीक्षक ड्युटीवर होते. फलाटावर गाडी उभी, माणसांनी भरलेली. हवेत काहीतरी भयंकर आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि वरच्या परवानगीची वाट न बघता त्यांनी गाडी वेळेआधी सोडली. रेल्वेत हे काय प्रकरण असतं ते रेल्वेवाल्यालाच विचारा. मात्र त्यांनी सिग्नल तोडून गाडी हाकली नाही. सहकाऱ्यांशी बोलून सोडली. वेळापत्रक मोडलं, गाडी सुरक्षित चालवण्याची रीत मोडली नाही. कोणता नियम सोयीसाठी आहे आणि कोणता रक्तानं लिहिला गेलाय, हे धंद्यात मुरलेल्या माणसालाच कळतं.

जपानमध्ये २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामीनं फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राची वीज घालवली. नियंत्रण कक्षातली मापकं बंद, अणुभट्टीतल्या पाण्याची पातळी कळेना. तिथल्या लोकांनी आवारातल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढल्या, एकीला एक जोडून हवा तेवढा विजेचा दाब मिळवला आणि मापकं चालू केली. बघा, हाही तुमच्या इलेक्ट्रिशियनसारखाच प्रकार. कागदावर नसलेली जोडणी, अंधारात, घाईत. फरक एवढाच की कोणत्या मापकाला किती आणि कोणती वीज लागते आणि ती दुसरीकडे कुठं जाणार नाही, हे जोडणाऱ्याला ठाऊक होतं.

आराखड्याबद्दल तुमच्या व्यवस्थापनाचं म्हणणं अर्धं चूक आहे, आणि तो कुणी उघडला नाही म्हणून 'आराखडाच निरुपयोगी' असं तुम्हाला वाटत असेल तर तेही अर्धं चूक. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्क शहराचा आपत्कालीन कक्ष ज्या इमारतीत होता, ती वर्ल्ड ट्रेड सेंटरची सात नंबरची इमारत संध्याकाळी कोसळली. म्हणजे आपत्ती हाताळायची जागाच आपत्तीत गेली. मग काही दिवसांत त्यांनी हडसन नदीच्या एका धक्क्यावर, पिअर ९२ वर, नवा कक्ष उभा केला. तीच जागा का सुचली? कारण दुसऱ्याच दिवशी, १२ सप्टेंबरला, तिथं एक वेगळंच ड्रिल व्हायचं होतं आणि जागा त्यासाठी तयार ठेवलेली होती. आराखडा वेगळ्या संकटाचा होता, तयारी कामाला आली. आराखड्याचं कागदी मोल फार नसतं. तो करताना कोण कुणाला ओळखायला लागलं, कुठली किल्ली कुणाकडे असते, हे कळतं, तेवढंच खरं. तुमची १४० पानं एखाद्या सल्लागारानं करून दिली असतील (माझा अंदाज, चुकला तर क्षमा), तर ती ओळख झालीच नाही. ती २०० केली तरी होणार नाही.

पुण्यातलं उदाहरण द्यायचं तर पानशेतचं. १२ जुलै १९६१. धरण पुरतं झालेलं नव्हतं, बांध खचायला लागला. जवानांनी रात्रभर पोती रचून तो धरून ठेवायची धडपड केली. धरण वाचलं नाही. सकाळी फुटलं, खालचं खडकवासला धरणही त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही. पण पाणी शहरात शिरलं ते दिवसाउजेडी, लोक जागे आणि पायांवर असताना. त्या पोत्यांनी मिळवले ते काही तास. अशा वेळी आयत्या कल्पनेकडून एवढीच अपेक्षा ठेवावी: संकट टळलं नाही तरी थोडा वेळ मिळाला पाहिजे. माझी आत्या तेव्हा नारायण पेठेत होती. ती पुराच्या पाण्यापेक्षा नंतरच्या दिवसांबद्दल जास्त बोलायची. खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे. मग त्यांच्या वाड्यातला वर्षानुवर्षं फळी टाकून झाकलेला आड उघडला, गाळ उपसला. 'अडगळ म्हणून बुजवायचा ठरला होता गं बाई', असं ती आईला सांगायची. तुमच्या रुग्णालयात अशी अडगळ काय आहे ते एकदा फिरून बघा. हातानं चालणारं सक्शन, जुने स्ट्रेचर, हापसा. खर्च कमी करायला आलेला माणूस पहिल्यांदा तेच भंगारात काढतो, आणि आयत्या वेळी काही सुचायचं तर हाताशी काहीतरी असावं लागतं.

आता नेत्यानं काय करायचं? इथं मी स्वतः दोनदा पडलो आहे, तेव्हा ते आधी सांगतो.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारच्या सुमाराचा. मी नवा होतो, शेजारच्या जिल्ह्यातून मदतीला गेलो होतो. एका गावात ढिगाऱ्याखाली कोण आहे आणि कोण आधीच पाहुण्यांकडे गेलंय, हेच कळेना. चावडी पडलेली, रेशनचं रजिस्टर तिच्याखाली. प्राथमिक शाळेचे एक गुरुजी दुसऱ्या गावात राहायचे, ते सायकलवरून आले आणि म्हणाले, हजेरीपट माझ्या पिशवीत आहे, त्यावरून घरं लावू. पोरांच्या नावावरून घर, घरावरून माणसं, माणसांवरून बेपत्ता. आज मला ती सुचलेली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. त्या दिवशी मी अर्धा तास घुटमळलो, कारण माझ्याकडे बेपत्ता व्यक्तींचा छापील नमुना होता आणि त्यात हजेरीपटाला रकाना नव्हता. गुरुजींनी माझी वाट बघितली नाही. चुन्यानं भिंतींवर आकडे टाकायला सुरुवात केली. मी फक्त नंतर होय म्हणालो.

दुसरी चूक बऱ्याच वर्षांनी, एका पुरात. आता मी नियंत्रण कक्षात होतो, खुर्ची मोठी. दर अर्ध्या तासाला अहवाल द्या, असा हुकूम काढला. बोटीवरचा मंडळ अधिकारी एका हातानं दोरी धरून दुसऱ्या हातानं मला आकडे पाठवत होता. चार तासांनी त्याच्या फोनची बॅटरी संपली आणि मग खरी गरज होती तेव्हा तो मला सापडेना. वरच्या माणसाला 'माझ्या हातात परिस्थिती आहे' असं वाटावं म्हणून खालच्याचे हात अडकवणं, हा रोग सरकारात आहे, कंपन्यांत आहे आणि तुमच्याकडेही असेल.

मग उलट करायचं कसं? फुकुशिमाचंच दुसरं केंद्र, दाइनी, दाइइचीच्या दक्षिणेला सुमारे बारा किलोमीटरवर. त्याचे प्रमुख नाओहिरो मासुदा. त्याच त्सुनामीनंतर त्यांनी लोकांना नुकसान बघायला बाहेर धाडायची घाई केली नाही. फळ्यावर भूकंपाचे धक्के नोंदवत गेले, कधी, केवढा. धक्के कमी होतायत हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, मग ते बाहेर पडायला तयार झाले. पुढे अणुभट्ट्या थंड ठेवायला वीज मिळावी म्हणून सुमारे दोनशे माणसांनी हातांनी ओढून नऊ किलोमीटर केबल टाकली, एरवी यंत्रं लावूनही आठवडे जातील असं काम, साधारण एका दिवसात. त्यातही मध्येच कुठल्या अणुभट्टीला आधी केबल न्यायची तो क्रम बदलावा लागला. मासुदांनी तो बदलला आणि का बदलतोय ते सांगितलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. 'आधी सांगितलं ते आता रद्द' असं म्हणण्याची लाज न वाटणं.

सांगणं का महत्त्वाचं, याचं दुसरं टोक अमेरिकेतलं आहे. ५ ऑगस्ट १९४९, मॉन्टानातली मॅन गल्च नावाची दरी. वणवा विझवायला उतरलेले तरुण, मागून गवताळ चढावर आग धावत येतेय. त्यांचे प्रमुख वॅगनर डॉज यांनी काडी ओढून समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या जळून गेलेल्या पट्ट्यात आडवं व्हा म्हणून ओरडले. कल्पना बिनचूक होती, जळलेलं पुन्हा जळत नाही. पण पोरांना वाटलं, याचं डोकं फिरलं. कुणीही थांबलं नाही. १३ जण गेले. डॉज राखेत पडून वाचले. वरच्याला सुचलेली कल्पना खालच्यांना कळण्याइतकी ओळख आधीच असावी लागते. त्या रात्री तुमच्या सिस्टर म्हणाल्या, 'चला, वर न्या', आणि वॉर्डबॉय, मावशी, सिक्युरिटी हलले. ती वर्षानुवर्षांची ओळख होती. तीच सूचना तुमच्या संचालकांनी फोनवरून दिली असती तर 'कोण बोलतंय' इथपासून सुरुवात झाली असती.

म्हणून त्या रात्रीचा प्रमुख कोण, हे हुद्द्यावर ठरवू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिमची, म्हणजे आपत्तीत कोण कुणाच्या हाताखाली काय करणार या रचनेची, तत्त्वं काढली, मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांनंतरची. त्यात बरंच काही आहे, पण तुमच्यापुरतं दोनच घ्या. जागेवर जो जाणता आहे तो प्रमुख, मोठा अधिकारी आला तर जबाबदारी नुसत्या हुद्द्यावर नव्हे, नीट सांगून-समजून हातात घेतो, नाहीतर मदतनीस म्हणून उभा राहतो. आणि एका माणसाखाली पाचाच्या आसपास माणसं, पंधरा नव्हेत.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. लोक स्वतःच्या डोक्यानं का करत नाहीत? भीतीनं. पुराची नाही, ऑडिटची. एका पुरात आम्हाला वरिष्ठांनी तोंडी सांगितलं, डिझेल घ्या, बोटी थांबता कामा नयेत. घेतलं. बिल आलं तेव्हा त्या साहेबांना असं काही सांगितल्याचं आठवेना. ज्या अव्वल कारकुनानं पंपावर सही केली होती, तो कार्योत्तर मंजुरीची फाइल घेऊन दोन वर्षं टेबलं फिरला. पुढच्या पुरात तो माणूस लेखी आदेशाशिवाय जागचा हलला नाही, आणि मी त्याला कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

कायद्यानं खरं तर याची सोय केली आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चं कलम ५० तातडीच्या खरेदीत निविदेची अट माफ करतं, कलम ६५ नं वाहन-जागा ताब्यात घेता येते, कलम ७३ सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण देतं. पण ही कलमं सरकारी यंत्रणेसाठी आणि तिच्या वतीनं काम करणाऱ्यांसाठी आहेत, तुमच्या खाजगी रुग्णालयाला थेट लागू नाहीत. तुम्ही तुमचा ठराव करा. एका पानाचा. पाणी, आग, वीज जाणं अशा वेळी ड्युटीवरच्या प्रमुखानं कुलूप तोडणं, रुग्ण हलवणं, ठरावीक रकमेपर्यंत खर्च करणं याला आधीच मंजुरी आहे, अट एकच: केलं ते लगेच कुणाला तरी सांगायचं आणि वहीत वेळ टाकून एक ओळ लिहायची. व्हॉट्सॲप चालेल, पण वही बरी, ती चार्ज करावी लागत नाही. त्याच पानाच्या दुसऱ्या बाजूला न मोडायच्या गोष्टी लिहा, पाचांपेक्षा जास्त नको. मेन न पाडता जनरेटर नाही. आगीत लिफ्ट नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी नाही. उरलेल्या दोन तुमच्या डॉक्टरांना विचारा.

यातलं काय तुम्हाला लागू होईल ते परिस्थितीवर आहे. पाणी चढायला चार तास मिळाले तर सल्लामसलत करा. आग असेल तर डोकं नव्हे, पाय चालवायचे, सरावलेल्या जिन्यानं खाली. तुमचे रात्रपाळीचे बहुतेक लोक कंत्राटी आणि महिन्याला बदलणारे असतील तर वर सांगितलेली 'ओळख' तयारच होणार नाही. मग छापील सूचना जास्त लागतील, आणि तिथं व्यवस्थापनाचं म्हणणं बरोबर ठरेल. शिवाय पुण्यात पूर म्हटलं की सगळे भिडे पूल पाण्याखाली गेला का आणि खडकवासल्यातून किती सोडलं ते बघतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पाणी कात्रजच्या बाजूनं आंबिल ओढ्यातून आलं. तुमच्या आसपास ओढा किंवा बुजवलेला नाला असेल तर तो आधी बघा.

बाहेरच्या मदतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मंगल कार्यालयाचा उल्लेख आहे. शेजारच्या गणपती मंडळाच्या पोरांकडे दोर, जनरेटर, ट्रॉली आणि गर्दी आवरायची सवय, हे सगळं असतं. ती येणारच, बोलावलं नाही तरी. दारात 'आत यायचं नाही' म्हणून अडवलं तर भांडण, मोकळं सोडलं तर गोंधळ. एक ओळखीचा माणूस त्यांच्यासाठी ठेवा आणि एकच काम द्या, रस्ता मोकळा ठेवणं म्हणा. त्यात ते आपल्यापेक्षा हुशार असतात.

तर सत्कार आणि मेमो. सिस्टरचा सत्कार जरूर करा, पण त्यांना बसवून त्या रात्रीचा क्रम विचारा: काय बघितलं, काय करायचं टाळलं, कशाची भीती वाटली. त्या बहुतेक 'काही विशेष नाही केलं' म्हणतील. चिकाटीनं विचारा, त्यात तुमचा खरा आराखडा आहे. इलेक्ट्रिशियनला मेमोऐवजी तोच प्रश्न विचारा, खोलीत बाकी कुणी नसताना. माझा अंदाज, त्याला तीन-चार जणांनी एकाच वेळी फोन केले असतील, 'लाइट कधी येणार' म्हणून. त्यांतला एक तुमचा असेल. चेंजओव्हर स्विच लावायचा प्रस्तावही त्यानं कधीतरी दिला असेल आणि तो खर्चात कापला गेला असेल. तसं निघालं तर मेमो कुणाच्या नावानं काढायचा ते तुम्हीच ठरवा. हे काहीच नसेल, त्याला मेन पाडायचं ठाऊक असून कंटाळा केला असेल, तर मात्र मेमो द्या. मी मऊ माणूस नाही.

शेवटी, ड्रिल कधी घ्यावं हे तुम्ही प्रश्नाच्या तळाशी विचारलं होतं. मे महिन्यात, रविवारी, रात्री अडीचला. संचालकांना कळवू नका. आणि त्या रात्री तुमचा स्वतःचा फोन बंद ठेवा.